अजून जरा पर्वतीकडे!

टीव्हीवरचं चित्र गेलं की पुण्यातला माणूस टीव्हीजवळ जात नसे, छपरावर जात असे. छपरावर अँटेना असे, अँटेनाला दिशा असे आणि त्या दिशेबद्दल वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला ठाम मत असे. टीव्ही दोघांतिघांकडेच होता. मत सगळ्यांकडे होतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावर त्याचं सहक्षेपण केंद्र आलं. तोवर पुणेकरांच्या लेखी सिंहगड म्हणजे रविवारी चढायचा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं आणि उतरताना गुडघ्यांबद्दल बोलायचं. आता गडच रोज संध्याकाळी घरी येऊ लागला. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा अशा सगळ्या पेठांतल्या कौलांवरच्या अँटेना नैर्ऋत्येकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ज्या पेठांचं विसर्जन मिरवणुकीतल्या क्रमावरून एकमत होत नाही, त्या सगळ्यांनी एकाच बाजूला माना वळवल्याचं पुण्याच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण असावं.

पेठांतून सिंहगड सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. गडाची उंची समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास. हवा स्वच्छ असली तर गडावरचा मनोरा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. म्हणजे चित्र न यायला खरं पाहता काही कारणच नव्हतं. तरी ते जायचं. गुरुवारी छायागीत लागलं की जायचं. शनिवारच्या मराठी चित्रपटात नायिकेचा बाप 'आजपासून या घराचे दरवाजे तुला' इथवर आला की जायचं. 'आमची माती, आमची माणसं'मध्ये मात्र कधी व्यत्यय आल्याचं मला आठवत नाही. आमच्या वाड्यात कोणाच्याही नावावर गुंठाभर जमीन नव्हती, पण कपाशीवरची बोंडअळी आम्ही अत्यंत सुस्पष्ट चित्रात पाहिलेली आहे.

'चित्र गेलं' ही सुद्धा ढोबळ तक्रार झाली. जाणकार माणूस आधी प्रकार विचारी. मुंग्या आल्यात का? पट्टे पडतायत का? चित्र फिरतंय का? की दोन दोन दिसतंय? यातलं 'फिरतंय' हे अँटेनाचं दुखणं नव्हेच. पट्टी खालून वर सरकत राहते तेव्हा संचाच्या मागचं एक बटण किंचित पिळायचं असतं. पण मागे हात घातला की शॉक बसतो अशी समजूत असल्यामुळे त्यापेक्षा उन्हात तापलेल्या कौलांवर चढणं सुरक्षित मानलं जाई.

चढण्याचा मान बँकेतल्या काकांचा. ते बँकेत रोखपाल होते आणि विजेचं त्यांना विशेष काही कळत होतं असं नाही, पण त्यांच्याकडे रबरी तळव्यांचे बूट होते. माळ्याच्या खिडकीतून ते कौलांवर उतरायचे. लगेच खालून घरमालकांचा आवाज यायचा, "कौलं सांभाळा हो! मागच्या खेपेची तीन तशीच आहेत!" भाडं महिना अठ्ठावीस रुपये आणि कौलाचा जोड त्याहून महाग, त्यामुळे या वाक्याला फक्त भावनिक अर्थ होता. जिन्याच्या तोंडाशी आम्ही पोरं, चौकात कोणीतरी दादा, टीव्हीवाल्या खोलीच्या दारात काकू आणि आत बाकी वाडा, अशी साखळी लागायची.

"आलं का?"

"आलं का विचारतायत!"

"नाही म्हणावं!"

"नाही!"

"अजून?"

"जरा आलं! नाही, गेलं! थांबा थांबा, आलं!"

हे 'थांबा' काकूंकडून निघून चौक, जिना आणि माळा ओलांडून कौलांवर पोचेपर्यंत काकांनी पाईप आणखी दोन वीत फिरवलेला असे. मग 'गेलं' हा निरोप त्याच वाटेने निघायचा. तो पोचेपर्यंत काकांनी, आपल्याला 'थांबा' म्हणालेत या समजुतीने, पाईप थांबवलेला असे. म्हणजे नको तिथे थांबणं आणि हवं तिथे फिरवणं, दोन्ही शिस्तीत पार पडत होतं. साखळीत कोणाचीही चूक नव्हती. सरकारी खात्यांत फाइली अशाच फिरतात आणि तिथेही चूक कोणाची नसते.

त्यातून 'डावीकडे' म्हणजे कोणाच्या डावीकडे, हा वाद. काका सिंहगडाकडे पाठ करून पाईप धरत. खोलीतला माणूस टीव्हीकडे तोंड करून बसलेला, आणि टीव्ही पूर्वेच्या भिंतीला. तिघांचे डावे हात तीन दिशांना. शेवटी पुण्याने स्वतःची पद्धत शोधली. "जरा पर्वतीकडे घ्या!" "फार झालं, कोथरूडकडे!" "अहो स्वारगेटला कुठे निघालात!" होकायंत्राने जे साधलं नसतं ते या तीन ठिकाणांनी साधलं. आमच्या पिढीतल्या कित्येकांना पर्वती नेमकी कुठे आहे हे देवदर्शनाने नाही, अँटेनामुळे ठाऊक झालं.

यातली खरी गंमत नंतर, शिकल्यावर कळते. पेठांतून पाहिलं तर पर्वती आणि सिंहगड यांच्या दिशांत वीस-पंचवीस अंशांचा फरक. पाचसहा दांड्यांची घरगुती अँटेना समोरच्या पन्नास-साठ अंशांच्या पट्ट्यातलं सगळं जवळपास सारख्याच जोराने ओढते. म्हणजे गडावर नीट रोखलेला पाईप 'जरा पर्वतीकडे' घेतल्याने चित्रात काडीचा फरक पडायला नको. आणि तरी पडायचा! सगळ्या वाड्याने डोळ्यांनी पाहिलेला असायचा. पाईप हलला की चित्र यायचं, ही वस्तुस्थिती होती. चुकत होतं ते कारण.

अँटेनाच्या मधोमध एक लांबट वेटोळी नळी असते. तिची दोन टोकं जिथे जवळ येतात तिथे काळी प्लॅस्टिकची डबी. डबीत दोन स्क्रू, आणि त्या स्क्रूंना घरात जाणारी वायर. ही डबी बारा महिने उन्हापावसात असते. झाकण पहिल्या उन्हाळ्यात तडकतं, पहिल्या पावसात पाणी जातं, दुसऱ्या पावसापर्यंत तांब्यावर हिरवट थर आणि स्क्रूवर गंज चढतो. तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम ओले असताना एकमेकांना चिकटून बसले की आपापसांत कुरतडायला लागतात. वायर मग स्क्रूला लागलेली दिसते, पण असतेच असं नाही. पाईप हलवला की ती पुन्हा क्षणभर टेकते. चित्र येतं. खाली जल्लोष होतो. काका हात काढतात, पाईप सावरतो, वायर सुटते. "गेलं!"

म्हणजे काका दिशा बदलत नव्हते, एक सैल जोड हलवत होते. सबंध शहर कित्येक वर्षं सैल जोड हलवत होतं आणि त्याला दिशा बदलणं म्हणत होतं.

घरातल्या दोन शिंगांच्या अँटेनाची गोष्ट वेगळी. तिथे हात लावल्यावर येणारं चित्र खरोखर हातामुळेच येई, कारण माणसाचं शरीर खारट पाण्याने भरलेलं असल्यामुळे लहरी वळवतं आणि अडवतं. त्यामुळे काही घरांत धाकट्या दिराला शिंग धरून उभं करत आणि बाकीचे निवांत चित्रपट पाहत. दीर मागच्या बाजूला. त्याला पुढे आवाजावरून कथानक सांगता येत असे.

आवाज टिकायचा याचंही कारण आहे. तेव्हाच्या पद्धतीत चित्र आणि आवाज शेजारशेजारच्या दोन लहरींवरून वेगवेगळ्या तऱ्हेने यायचे. आवाज एफएमवर, आणि एफएम चिवट. चित्र संपूर्ण मुंग्यांत बुडालं तरी संवाद खणखणीत. गड आला पण सिंह गेला, असं म्हणायची पाळी सिंहगडाने पुन्हा आणली, एवढाच त्यातला इतिहास. रंगाचं त्याहून वाईट. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि पुढे वाड्यातल्या एका बिऱ्हाडाने रंगीत संच घेतला. सिग्नल कमजोर झाला की रंगीत संच स्वतःहून रंग बंद करतो, म्हणजे निदान कृष्णधवल तरी नीट दिसावं. तशी सोयच आत केलेली असते. हे त्या बिऱ्हाडाला कोणी सांगितलं नव्हतं. सबंध पहिला महिना त्यांनी रंगीत टीव्हीवर कृष्णधवल चित्र पाहिलं, आणि पाहायला आलेल्यांना पेढे वाटले. पाहायला आलेल्यांनी खाली उतरल्यावर काय म्हटलं ते मी लिहीत नाही.

उपचारांचे पंथ होते. एक थप्पडपंथ. संचाच्या उजव्या बाजूला, वरून चार बोटं सोडून, उघड्या तळव्याने. हाही निव्वळ अडाणीपणा नव्हता, आतला एखादा टाका सुटला असला तर थप्पड त्याला पुन्हा बसवते. दुसरा उंचीपंथ. यांच्या मते अँटेना मुळातच खाली होती. ते पाईपला पाईप जोडत, मग बांबू, मग बांबूला तारांचे ताण. उंची वाढली की वायरही वाढते आणि वायर जितकी लांब तितका सिग्नल वाटेत सांडतो, हा हिशोब त्यांच्या वहीत नसे. तिसरा बूस्टरपंथ. याला पैसे लागत म्हणून त्याचे अनुयायी कमी पण कट्टर. बूस्टर जे येतं ते मोठं करतो, चित्रही आणि मुंग्याही. तो वर अँटेनापाशी बसवला तर वायरीत होणारी घट भरून काढतो. टीव्हीच्या पाठीशी बसवला की वाटेत आधीच मेलेल्या चित्राच्या मुंग्या तेवढ्या ठसठशीत होतात. तो टीव्हीच्या पाठीशी बसवण्याचीच पद्धत होती, कारण तिथे त्याचा लाल दिवा पाहुण्यांना दिसे.

कावळा हाही एक पंथ धरावा लागेल. बिघाडाचं खापर कावळ्यावर फोडणारे लोक प्रत्येक वाड्यात असत. कावळा दांडीवर बसतो, दांडी वाकते, हे खरंच आहे. पण वाकलेल्या एका दांडीने चित्र जात नाही. पितृपक्षात मात्र कावळ्याविरुद्ध कोणी बोलत नसे. संक्रांतीनंतर मांजाच्या गुंडाळ्या अडकलेल्या असत, त्यांचंही चित्राशी काही देणंघेणं नव्हतं. पण वर गेलेल्या माणसाने काहीतरी काढून खाली फेकलं की खालच्यांना बरं वाटायचं.

ही अँटेना ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या यागी महाशयांचीही हकिकत सांगण्यासारखी आहे. जपानात सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात १९२६ च्या सुमारास शिन्तारो उदा यांनी दांड्यांमागे दांड्या लावून ही रचना सिद्ध केली. प्राध्यापक हिदेत्सुगु यागी हे त्यांचे वरिष्ठ. जगात नाव झालं यागी अँटेना. आपल्याकडच्या कोणत्याही महाविद्यालयातल्या कनिष्ठ अधिव्याख्यात्याला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. पुढे १९४२ मध्ये जपानी सैन्याने सिंगापूर घेतलं, तेव्हा ब्रिटिशांच्या रडारच्या टिपणांत 'यागी' असा शब्द सापडला आणि त्याचा अर्थ कोणालाच लागेना. अखेर पकडलेल्या ब्रिटिश तंत्रज्ञाला विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की अहो, हे तुमच्याच प्राध्यापकांचं नाव आहे. अशी ती हकिकत सांगतात. घरातल्या माणसाची किंमत कळायला बाहेरचा माणूस लागतो, हे जपानातही चालतं म्हणायचं.

मुंबईकरांचं दुखणं निराळं होतं. त्यांना सिग्नल भरपूर, वरळीचा मनोरा शहरातच. पण भोवती इमारती. लहर एकदा सरळ यायची आणि तीच पुन्हा समोरच्या इमारतीवर आपटून उशिरा यायची. तीनशे मीटरचा वळसा पडला तर एक मायक्रोसेकंदाचा उशीर. टीव्हीच्या पडद्यावर एक ओळ डावीकडून उजवीकडे काढायला बावन्न मायक्रोसेकंद लागतात. वीस इंची पडदा साधारण चाळीस सेंटिमीटर रुंद, तेव्हा तीनशे मीटरच्या वळशाचं भूत, म्हणजे उशिरा आलेलं दुसरं चित्र, मूळ चित्राच्या उजवीकडे पाऊण सेंटिमीटरवर. म्हणजे पट्टी घेऊन बसलं तर निवेदिकेच्या दोन नाकांमधल्या अंतरावरून समोरची कोणती इमारत आड येतेय ते काढता आलं असतं. कोणी काढलं नाही. चिमणराव आणि गुंड्याभाऊ, म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, काही घरांत चौघे दिसत आणि लोक चौघांनाही हसत. इथे मात्र अँटेना फिरवणं हाच खरा उपाय होता, आपटून येणारी लहर बाजूला पडेल अशी. पण मुंबईत गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असे आणि सेक्रेटरी गावाला गेलेला असे.

पुण्यात पडद्यावर आडवे ठिपके पडले की समजायचं, लूना आली. दुचाकीच्या प्लगची ठिणगी स्वतःच एक बारकं प्रक्षेपण केंद्र असते. वाड्याच्या दारात गाडी वळली की तिचं चित्र आधी टीव्हीवर यायचं. आमच्या वाड्यात ठिपक्यांच्या जाडीवरून कोण घरी आलं ते ओळखणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी 'आला गं, पोळ्या टाक' म्हटलं की दोन मिनिटांत माणूस दारात हजर. छायागीत त्या पाहतच नसत.

मध्येच सगळंच बंद पडायचं आणि पडद्यावर व्यत्ययाबद्दल दिलगिरीची पाटी यायची. ही पाटी अगदी स्वच्छ, बिनमुंग्यांची, एकाच नाकाची दिसायची. याचा अर्थ अँटेना ठणठणीत असून घोटाळा पलीकडे आहे. तरीही काका बूट घालत. "आपण आपल्या बाजूने बघावं," असं त्यांचं म्हणणं होतं. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ केल्या. त्या खेळीचं चित्रण नाही. कुठेच नाही. तरी पुढे कित्येक वर्षं आमच्या वाड्यात असं मानणारे लोक होते की त्या दिवशी पाईप जरा कोथरूडकडे असता तर दिसली असती.

१९८४ साली काही महिने देशात जवळपास रोज एक नवा ट्रान्समीटर सुरू होत होता. तालुक्यातालुक्याला शंभर वॅटचे छोटे मनोरे आले. त्याआधी लांबच्या गावांत लोक ताडमाड बांबू रोवून, रात्री उशिरा, हवा अनुकूल असली तर मुंबईचं चित्र पकडत. आणि पकडलेलं चित्र म्हणजे मुंग्यांच्या आड हलणारं काहीतरी. पण ते पाहायला अख्खी आळी. तिकडे अमृतसरमध्ये लोकांनी अँटेना लाहोरकडे फिरवल्या होत्या आणि लाहोरच्या लोकांनी हिंदी चित्रपटांसाठी अमृतसरकडे. दोन्ही देशांची सैन्यं समोरासमोर, आणि त्यांच्या डोक्यांवरून ॲल्युमिनियमच्या दांड्या एकमेकांना नमस्कार करतायत. त्या काळी टीव्हीला पोस्टातून परवाना काढावा लागे. अँटेना फिरवायला लागत नसे, म्हणून हे निभावलं.

शेवटी एकदा मेकॅनिक यायचा. यायचा म्हणजे सोमवारी सांगितलं की गुरुवारी. तो खिशात पक्कड आणि पेचकस घेऊन कौलांवर जाई. साखळी सज्ज होई. दादा चौकात, काकू दारात. मेकॅनिक पाईपला हातच लावत नसे. तो ती काळी डबी उघडे, वायरचं काळवंडलेलं टोक वीतभर कापून टाके, दातांनी साल सोली, आतलं तांबं लखलखीत निघेपर्यंत ब्लेडने खरवडे, गंजका स्क्रू फेकून नवा बसवी आणि वायर त्याला पीळ देऊन आवळे. मग वायरला डबीखाली एक सैल वेटोळं ठेवी, पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत डबीत न जाता तिथेच टपकावं म्हणून. डबीचं तोंड खाली करी. पाईपला घासून चाललेली वायर लाकडाच्या तुकड्याने दूर धरून बांधी. एकही "आलं का?" न विचारता खाली येई आणि हात धुवायला पाणी मागे.

खाली निवेदिका एका नाकासह, अंबाड्यातल्या मोगऱ्यासकट बसलेली.

वाड्याला हे आवडत नसे. खोलीत एक प्रकारची नाराजी पसरे. "एवढंच?" काका विचारत. "दिशा नाही बघितलीत?" मेकॅनिक अनुभवी असला तर तो पुन्हा वर जाऊन पाईप जरा इकडे, जरा तिकडे, परत होता तिथे आणून ठेवी. मग काका पैसे काढत. डबी आवळण्याचे पाच रुपये जास्त वाटायचे, दिशा दाखवण्याचे दहा योग्य वाटायचे. मेकॅनिक गेल्यावर काका एकदा स्वतः वर जाऊन येत. "जरा हलली होती, नीट करून आलो."

हे सगळं आता बंद पडलं आहे, आणि ते बिघाडामुळे नव्हे. प्रसार भारतीने जुनी ॲनालॉग केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद करत आणली आणि सीमेलगतची वगैरे पन्नासेक सोडून बाकीच्यांना ३१ मार्च २०२२ पर्यंतची मुदत घातली. हे वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत आलं. बाहेरच्या पानांवर येण्याइतकी माणसं अँटेनावर उरली नव्हती. त्याआधी २०१६ च्या फेब्रुवारीत सोळा शहरांत, त्यांत मुंबई आणि औरंगाबाद धरून, दूरदर्शनचं डिजिटल प्रक्षेपण हवेतून सुरू झालं. त्याला अँटेना चालते, पण नव्या पद्धतीचा ट्यूनर लागतो. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत, भुतं नाहीत, आजींचे ठिपके नाहीत. चित्र असतं तेव्हा पूर्ण असतं. सिग्नल थोडा खाली गेला की चौकोन चौकोन होऊन गोठतं, आणि आणखी थोडा गेला की पाटी कोरी. मध्यस्थीला वावच नाही. "जरा आलं" हे वाक्य त्या यंत्रणेला माहीतच नाही.

आणि बहुतेकांच्या छपरावर आता छत्री आहे. फ्री डिश असो नाहीतर पैसे भरून घेतलेली, उपग्रह विषुववृत्ताच्या वर छत्तीस हजार किलोमीटरवर. या छत्रीचं लक्ष दोन-तीन अंशांतच एकवटलेलं असतं. इथे दिशा खरोखर महत्त्वाची. नेमकी इथेच, जोराचा पाऊस आला आणि 'सिग्नल नाही' अशी अक्षरं पडद्यावर आली की साठीच्या पुढचे गृहस्थ छत्री घेऊन गच्चीत निघतात. ही पावसाची छत्री. त्या वरच्या छत्रीला पावसाचा त्रास असतो, कारण तिची लहर जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरची आणि दाट सरी तिला शोषून घेतात. दहा मिनिटांत पाऊस ओसरतो, चित्र आपोआप येतं. पण गृहस्थ तेवढ्यात वर पोचलेले असतात, आणि ज्या पिढीने उभं आयुष्य गरज नसताना अँटेना फिरवली, ती पिढी हाताशी आलेली छत्री अशी सोडेल कशी? चार अंश फिरते. मग पाऊस थांबतो, ऊन पडतं, आणि चित्र कायमचं गेलेलं असतं. त्यानंतर जो माणूस येतो तो चारशे रुपये घेतो आणि तेही दिशेचेच.

तेव्हा पावसात टीव्ही गेला तर चहा टाका आणि बसून राहा. आणि अजून एक. तुमच्या इमारतीवर जुनी अँटेना उभी असेल तर एकदा वर जाऊन बघा. दांड्या ॲल्युमिनियमच्या आहेत, त्यांना काही होत नाही. पण खालचा लोखंडी पाईप कठड्याशी जिथे तारेने बांधलाय तिथे तो आतून गंजलेला असतो, आणि बरोबर त्याच्या खाली कोणाची तरी गाडी उभी असते. पावसाळ्याआधी उतरवून घ्या. भंगारवाला ॲल्युमिनियमला चांगला भाव देतो.